रंग देणारी आणि रंग खाणारी पूड

बडोद्यात कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय १८९० साली सुरू झालं, तेव्हापासून कापडरंगाईचं शास्त्र या शहराला नवं नाही. पण रंगाई उरकल्यावर मागे राहणाऱ्या रंगीत पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न रंगाईपेक्षा चिवट निघाला. त्यावर प्रयोगशाळांनी भरपूर तपासलेला एक उपाय म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या रंगाला आणि टूथपेस्टला पांढरेपणा देणारी पूडही हीच.

पांढरेपणाचं कारण सोपं आहे. ही पूड दृश्य प्रकाश जवळजवळ शोषत नाही, नुसता विखुरते. तिच्या रुटाइल या स्फटिकरूपाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, २.६च्या वर जातो, हिऱ्याचा २.४२. कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे ठेवले की विखुरणं सर्वांत जास्त. तेच कण २० नॅनोमीटरच्या आसपास आणले, तर सनस्क्रीन लावूनही चेहऱ्याला पीठ फासल्यासारखं वाटत नाही.

रंग खाण्याचं काम मुख्यतः अनाटेज हे दुसरं रूप करतं. ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत उडतो आणि मागे धनभारित जागा उरते. पाणी आणि ऑक्सिजनशी या दोघांची गाठ पडली की हायड्रॉक्सिलसारखी आक्रमक मूलकं (सुटा इलेक्ट्रॉन असलेले कण) तयार होतात आणि रंगाचे रेणू तोडतात. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडवरच प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून या संशोधनाला वेग आला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचं फिकट द्रावण घेतात, लिटरला साधारण ग्रॅमभर पूड टाकतात आणि आधी अर्धा तास अंधारात ढवळतात. ही पायरी गाळायचा मोह होतोच, पण थोडा रंग पुडीला नुसता चिकटतो, तो हिशेबातून वगळावा लागतो. मग बीकर प्रकाशात. बडोद्याच्या एप्रिलच्या उन्हात वेगळा दिवा नसला तरी चालतं, जरी उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. ठरावीक वेळाने नमुना काढायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पूड खाली बसवायची आणि ६६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजायचं; ते जितकं कमी, तितका रंग कमी उरला. शेजारी पूड न घातलेला बीकर हवाच, कारण उन्हात हा रंग आपणहूनही थोडा उतरतो.

निळं पाणी नितळ दिसलं म्हणजे ते शुद्ध झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. रेणूचे तुकडे पाण्यात उरलेले असू शकतात. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय ते कळत नाही. शिवाय इतकी बारीक पूड पाण्यातून परत काढणं हीच मोठी डोकेदुखी. कोरडी पूड हाताळताना मास्क लावावा, ती श्वासातून आत जाणं बरं नाही.

बाटलीवरचं लेबलही वाचून घ्यावं. रंगकामासाठीच्या पुडीच्या कणांवर बहुधा ॲल्युमिना किंवा सिलिकाचा पातळ थर असतो. तो नसेल तर ही पूड उन्हात भिंतीवरचा रंगच पोखरते आणि हात लावला की पांढरी भुकटी निघते. त्यामुळे रंगासाठीची पूड आणून वरचा प्रयोग केला, तर मिथिलीन ब्ल्यू बराच वेळ निळंच राहण्याची शक्यता जास्त.