खाडीकाठी आणि जंगलात वापरायची दुर्बीण : घेण्याआधी हे वाचा

‘शिकारीची दुर्बीण दाखवा,’ असं म्हणत आजही काही जण आमच्या दुकानात येतात. काही देशांत परवाना काढून हरणाची, रानडुकराची शिकार करता येते. तिथल्या कंपन्या त्या नावाने दुर्बिणी विकतात आणि तेच शब्द जाहिरातींतून इकडे येतात. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. वाघ-बिबट्याची गोष्ट सोडाच, ससा, तितर किंवा घोरपड मारणं हासुद्धा गुन्हा आहे. त्या कामासाठी आम्ही दुर्बीण देत नाही, हे आधीच सांगतो.

पण शिकारीच्या दुर्बिणीत जे गुण शोधतात, तेच आपल्याला पक्षी पाहायला लागतात. पहाटेच्या अंधुक उजेडात स्पष्ट दिसायला हवं, दव आणि पाऊस सोसायला हवा आणि झाडीतून सरकणारं काही पटकन नजरेत धरता यायला हवं. ठाण्यात येऊरच्या जंगलात सकाळी सहाला चढणारे, नवी मुंबईत ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत जाणारे, सीवूड्सच्या पाणथळीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला उभे राहणारे, असे आमचे बहुतेक ग्राहक. त्यांना परवडेल आणि पंधरा वर्षं टिकेल अशी दुर्बीण कशी निवडायची, ते इथे लिहिलं आहे.

८×४२ म्हणजे काय?

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे किती पट. आठ पटीच्या दुर्बिणीतून ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

ग्राहकाची नजर नेहमी पहिल्या आकड्यावर जाते. जास्त पट म्हणजे जास्त चांगली, असं वाटणं साहजिक आहे, पण बहुतेकांचे पैसे वाया जातात ते इथेच. पक्ष्याबरोबर तुमच्या हाताची थरथरही तेवढ्याच पटीने मोठी होते. आठ पटीपर्यंत हात सांभाळून घेतो. दहा पटीला सवय लागते. बारा-सोळाच्या पुढे स्टँडशिवाय चित्र स्थिर राहत नाही, मग हलत्या बोटीत काय होईल याचा विचार करा. शिवाय पट वाढली की दिसणारा परिसर आक्रसतो. साधारण ८×४२ मधून १०० मीटरवर १३ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×४२ मधून ११ मीटरच्या आसपास. फांदीवरून फांदीवर उडणारा स्वर्गीय नर्तक पक्षी शोधताना ते दोन मीटर फार मोलाचे ठरतात.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा झोत इतक्या मिलिमीटरचा असतो. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे खिशात मावणारी १०×२५ (झोत अडीच मिलिमीटर) दुपारी छान वाटते. पहाटे बाहुली मोठी होते, तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत, पन्नाशीनंतर साधारण पाचपर्यंत. मग अडीचचा झोत अपुरा पडतो आणि चित्र काळवंडतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हा फरक कळत नाही, येऊरच्या पायवाटेवर पहिल्याच सकाळी कळतो. म्हणून पहिली दुर्बीण घेणाऱ्याला आम्ही ८×४२ सुचवतो. वजन झेपत नसेल तर ८×३२. खाडीवर दूरचे पक्षी पाहण्यावरच भर असेल आणि हात स्थिर असतील, तर १०×४२.

‘१०-३०×५० झूम’, म्हणजे १० ते ३० पट, असं लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणीलाही हाच भागाकार लावून पाहा. ५० भागिले ३० म्हणजे १.६७. तीस पटीला भरदिवसाही अंधारल्यासारखं दिसतं. आणि रात्री दिसणाऱ्या दुर्बिणीबद्दल रोज कोणीतरी विचारतं म्हणून सांगतो : काळोखात पाहायला वेगळं इलेक्ट्रॉनिक उपकरण लागतं. नुसत्या भिंगांची दुर्बीण, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असलं तरी, अंधारात पाहू शकत नाही.

आतलं काय पाहायचं

दुर्बिणी दोन घडणीच्या. खांद्यासारखी रुंद, वळण असलेली ती पोरो. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये तिच्या आतल्या लोलकांच्या (प्रिझमच्या) रचनेचं पेटंट घेतलं, त्याचं नाव तिला चिकटलं. सरळ दोन नळ्यांची ती रूफ. पोरो बनवायला सोपी, म्हणून कमी पैशांत चित्र जास्त उजळ आणि खोल मिळतं. रूफ आटोपशीर असते आणि तिला पाण्यापासून सीलबंद करणं सोपं जातं, पण तिच्या लोलकांचं काम फार काटेकोर असल्याने अगदी स्वस्त रूफ पुष्कळदा धूसर निघते. थोडक्यात, बजेट कमी असेल तर चांगली पोरो घ्या, स्वस्त रूफच्या मागे लागू नका. उदाहरण द्यायचं तर निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ ही पोरो आहे. चित्र मोठं आणि उजळ, पण वजन साडेसातशे ग्रॅम आणि पावसासाठी ती बनवलेलीच नाही. त्याच कंपनीची प्रोस्टाफ पी-३ ८×४२ रूफ आहे, साडेपाचशे ग्रॅमच्या जरा वर, जलरोधक, पण पैसे जास्त.

भिंगावरचं कोटिंग नीट विचारून घ्या. बिनकोटिंगच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग दहा-बारा असतात. ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर. नुसतं ‘कोटेड’ लिहिलं असेल तर एखाद्याच भिंगावर एखादा थर असू शकतो. पुढचं भिंग माणकासारखं लालभडक चमकत असेल, तर ती दुर्बीण खाली ठेवा. तो लाल उजेड आत जायचा, तो बाहेर परततोय. अशा दुर्बिणीतून सगळं हिरवट दिसतं आणि रोहितचा गुलाबी रंगच मारला जातो.

चष्मा असेल तर

हा मुद्दा विक्रेते बरेचदा सांगत नाहीत आणि नंतर आम्हाला ‘बदलून द्या’ म्हणून फोन येतात. चष्म्यामुळे डोळा भिंगापासून लांब राहतो. दुर्बिणीचं ‘आय रिलीफ’, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा नेत्रभिंगापासून जितका लांब राहू शकतो ते अंतर, किमान १५ मिलिमीटर नसेल, तर चित्राच्या कडा कापल्या जातात. वरच्या उदाहरणातली अ‍ॅक्युलॉन सुमारे १२ मिलिमीटरची, प्रोस्टाफ पी-३ वीसची. चष्मेवाल्याला ती स्वस्त दुर्बीण महागात पडते. चष्मा लावून पाहताना आयकप (नेत्रभिंगाभोवतीची कडी) खाली फिरवून ठेवा.

दुकानात स्वतः तपासा

आमच्याकडे किंवा दुसरीकडे कुठेही घ्या, पण हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. नेत्रभिंगात दिसणारे दोन उजळ ठिपके पूर्ण गोल हवेत. कडा चौकटीसारख्या छाटलेल्या दिसल्या तर लोलकाची काच हलकी, बीके-७ जातीची असण्याची शक्यता मोठी. चांगल्या लोलकाला बॅक-४ काच वापरतात.

मग दारात या आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीची गच्ची पाहा. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी फोकस करा, मग डावा मिटून उजव्या नेत्रभिंगावरची डायॉप्टरची कडी (दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी) फिरवा. ही जुळवणी एकदाच करायची, पण ती न केल्यामुळे ‘माझी दुर्बीण खराब आहे’ म्हणत कितीतरी लोक येतात आणि दोन मिनिटांत खूश होऊन जातात. जुळवणीनंतर टीव्हीच्या अँटेनाकडे किंवा विजेच्या तारेकडे पाहा. तार दुहेरी दिसली किंवा पाच मिनिटांत कपाळ ठणकू लागलं, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. स्वस्त मालातला हा सगळ्यात वाईट दोष आहे. घरी नीट करता येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा किमतीच्या जवळ जातो. आकाशाच्या पार्श्वभूमीवरच्या काळ्या वस्तूला थोडी जांभळी किनार दिसेल. या किमतीत ती चालवून घ्या.

सूर्याकडे दुर्बीण कधीही, क्षणभरही रोखू नका. मुलांच्या हातात देताना हे आधी सांगा.

किती पैसे ठेवायचे?

आमच्या अनुभवात पाच ते आठ हजारांत मोठ्या कंपनीची चांगली पोरो मिळते आणि दहा ते पंधरा हजारांत जलरोधक रूफ. भाव बदलतात, म्हणून मॉडेलवार किमती इथे छापलेल्या नाहीत. दोन हजारांच्या आतली आम्ही ठेवत नाही. ती घेऊन शाळकरी मुलाला पहिल्याच दिवशी दोन-दोन बगळे दिसले, तर त्याचा पक्ष्यांतला रस तिथेच संपतो, आणि ते आम्हाला मनापासून खटकतं.

आपल्या हवेत सांभाळणं

ठाणे-नवी मुंबईत दुर्बिणीचा खरा शत्रू बुरशी. पावसाळ्यातल्या दमटपणात ती भिंगाच्या आतून जाळं विणते आणि कोटिंग खाऊन टाकते. एकदा कोटिंग गेलं की साफ करूनही उपयोग नसतो. आत नायट्रोजन भरलेली सीलबंद दुर्बीण यातून बऱ्यापैकी वाचते, म्हणून पावसातही फिरणाऱ्यांनी दोन-तीन हजार जास्त घालावेत असा आमचा आग्रह असतो. पोरो घेतलीत तर जून ते सप्टेंबर ती चामडी खोक्यात बंद ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांचा रंग उतरला की त्या बदला.

खाडीवरून आल्यावर खारं पाणी उडालं असेल, तर बाहेरचा भाग ओलसर फडक्याने पुसा. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवा, मग मायक्रोफायबर कापड. शर्टाच्या टोकाने पुसलेली भिंगं आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांवरचे ओरखडे मोजवत नाहीत.

कुठे वापरून पाहाल?

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेलं. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलावर चरतात आणि भरती आली की सीवूड्स-नेरुळकडच्या पाणथळींवर येऊन थांबतात. म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ पाहा. तिथे नवी दुर्बीण लावून आधी चोच बघा : गडद, काळपट लाल चोचीचा तो छोटा रोहित, गुलाबी चोचीला काळं टोक असलेला उंच, फिकट तो मोठा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही गुलाबी ठिपकेच वाटतात. कडेच्या चिखलात शेकाट्या आणि तुतारी हे पक्षी असतील, त्यांच्याकडेही वेळ द्या. थवा उठवून फोटो काढायला जाऊ नका. दुर्बीण त्यासाठीच तर आहे, लांब राहून पाहायला.

दुकानात प्रत्येक मॉडेलचा एक नमुना फक्त वापरून पाहण्यासाठी ठेवलेला असतो. अनामत ठेवून तो शनिवारी संध्याकाळी घेऊन जा, रविवारी पहाटे वापरा आणि सोमवारी परत आणा. चष्मा लावत असाल, तर तो लावूनच या.