‘नोफॉलो’ची पार्श्वभूमी

शोधइंजिनात साइट वर आणणारी ‘दर्जेदार लिंक’ (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारा दुवा) कशाला म्हणायचं, हा वाद कळायचा असेल तर जानेवारी २००५ पाहावा लागतो. त्याआधीचं थोडक्यात. १९९८ च्या पेजरँकने, म्हणजे गुगलच्या पानं जोखायच्या पद्धतीने, दुव्याला शिफारशीचं मोल दिलं, पुढे गुगलच्या ब्राउझरमधल्या टूलबारमध्ये त्याचा शून्य ते दहा असा आकडा दिसू लागला आणि शिफारशींचा बाजार भरला. सगळ्यात जास्त छळ ब्लॉगवाल्यांचा झाला. लेखाखालच्या प्रतिक्रियांमध्ये जुगाराचे नि औषधविक्रीचे दुवे ढिगाने येऊन पडत.

त्यावर तोडगा म्हणून जानेवारी २००५ मध्ये तीन मोठ्या शोधइंजिनांनी मिळून ‘नोफॉलो’ आणलं, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दुव्याला लावायची एक खूण. घोळ नावापासूनच आहे. ऐकताना वाटतं, ‘या दुव्यामागे जाऊ नका’. मुख्य हेतू होता तो ‘या दुव्याचं श्रेय पुढच्या साइटला देऊ नका’ असा. वाचकाला फरक काहीच दिसत नाही, क्लिक केलं की पान उघडतंच. ब्लॉगच्या सॉफ्टवेअरांनी ते प्रतिक्रियांतल्या दुव्यांना सरसकट लावून टाकलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. अभ्यासू वाचकाने शोधून दिलेला संदर्भ आणि यंत्राने टाकलेली जाहिरात, दोन्हींचं मोल शून्य. स्पॅम काही थांबला नाही, कारण तो टाकायला खर्चच नव्हता. जानेवारी २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियानेही लेखांतल्या बाहेरच्या दुव्यांना हेच लावलं. मराठी आवृत्तीतही आज तसंच आहे. ज्यांच्या लेखनाच्या आधारावर ते लेख उभे राहतात, त्यांचंच श्रेय अडवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

याच्याच उलट म्हणून ‘डूफॉलो’ हा शब्द रुळला. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, असं काही नाहीच. नोफॉलो न लावलेला साधा दुवा, एवढाच त्याचा अर्थ. लिंक विकणारे मात्र याच शब्दावर जादा दर लावतात.

एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आलं, म्हणजे बनावट दुवे हुडकणारा गुगलच्या शोधातला बदल. विकतचे दुवे तोवर बहुतेकदा नुसते वाया जात, आता ते सर्रास साइटलाच खाली ओढू लागले. ऑक्टोबरात साइटवाल्याला आपल्याकडे येणारे नको ते दुवे नाकारण्याची सोय गुगलने दिली. २०१६ पासून पेंग्विन शिक्षेऐवजी असे दुवे हिशेबातून वगळू लागलं. सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलसाठी नोफॉलो हा आदेश न राहता ‘संकेत’ झाला, म्हणजे मानलाच पाहिजे असं नाही. जोडीला जाहिरातीच्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांच्या मजकुरासाठी ‘यूजीसी’ आलं. त्यामुळे वृत्तपत्राच्या बातमीतला नोफॉलो दुवा धरायचा की सोडायचा, हे शोधइंजिन ठरवतं. तो धरला गेला का, हे साइटवाल्याला कुठेच दिसत नाही.