कौल एकाचा, अर्थ भलताच

१६ जानेवारी जवळ आला की गोव्यात जुना वाद पुन्हा रंगतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित प्रदेश ठेवायचा, यावर १९६७ साली या दिवशी जनमत कौल झाला. कोणी तो ‘अस्मिताय दीस’ म्हणून साजरा करतं, कोणाच्या मनात तो सलतो. दोन्हीकडच्या युक्तिवादांत मात्र खोट तीच: विचारलं एक आणि उत्तरातून काढलं दुसरंच. बोलणाऱ्याचं विधान त्याने म्हटलंच नाही इतकं ताणायचं, याला न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, ‘सामान्यछल’ म्हटलंय.

सुरुवात १९६३ च्या निवडणुकीपासून. विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. लोकांनी निकाल दिलाच आहे, आता वेगळा कौल कशाला, असं विलीनीकरणवाले म्हणू लागले. वरवर मुद्दा बिनतोड. पण पक्षाला मत दिलं म्हणजे त्याच्या प्रत्येक मागणीवर सही केली असं होत नाही, आणि जागांचं बहुमत म्हणजे मतांचं बहुमतही नव्हे. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स या विलीनीकरणविरोधी पक्षाने वेगळ्या कौलाचा आग्रह सोडला नाही. अखेर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला.

मतपत्रिकेवर चिन्हं दोनच: विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहायला दोन पानं. गोव्याचं वेगळं घटकराज्य हवं असणाऱ्याने शिक्का कुठे मारायचा? नाइलाजाने पानांवरच. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०.

यावरून ‘गोव्याने मराठी नाकारली’ असं आजही ठणकावून सांगितलं जातं. मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्नच नव्हता. विलीनीकरणाविरुद्धची मोठी तोफ म्हणजे मडगावचं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक, आणि ते निघत होतं मराठीत! उदय भेंब्रे यांचं गाजलेलं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदरही त्यातलंच. शिवाय मार्चमध्ये निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

त्या काळी विलीनीकरणाच्या विरोधकाला ‘पोर्तुगीजधार्जिणा’ म्हटलं की मुद्दा खोडायची गरज उरत नसे. आज मराठीला राजभाषेचा दर्जा मागणाऱ्याला ‘विलीनीकरणवादी’ म्हणून तसंच गप्प केलं जातं. घटकराज्य होऊन इतकी वर्षं झाली, तरी! मराठीवालेही मागे नाहीत. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला मान्यता दिली, तरी ‘मराठीच्या बोलीला राजभाषेचा मान कसा’ हे चालूच.

१९८७ च्या राजभाषा कायद्याचंही तेच झालंय. त्यात कोकणी राजभाषा आहे, आणि सरकारी कामात मराठी वापरण्याची मुभाही आहे. सभांमधून मात्र ज्याला जे कलम सोयीचं, तेवढंच तो वाचून दाखवतो.