गेममधली वस्तू कॅनव्हासवर: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

लाल औषधाची बाटली, खजिन्याची पेटी, एखादी ढाल. गेम खेळताना हजारदा हाताळलेल्या या वस्तू आम्ही तैलरंगात रंगवून देतो. त्या पाहून बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतात: बाटलीमागे डोंगर, तळं आणि उंच झाडं कशासाठी?

गेममधल्या वस्तूला मुळात जागाच तुटपुंजी. निंटेंडोच्या जुन्या आठ-बिट यंत्रात हलती चित्रं 8 बाय 8 पिक्सेलच्या तुकड्यांची असत आणि एका तुकड्याला, पारदर्शक भाग सोडला तर, तीनच रंग मिळत. 1981 साली पडद्यावर आलेल्या मारिओ या गेममधल्या पात्राला मिशा आणि टोपी मिळाली तीसुद्धा अशाच टंचाईतून, कारण तेवढ्या ठिपक्यांत तोंड आणि केस धड दिसत नव्हते. माइनक्राफ्ट या गेममधल्या साध्या वस्तू आजही 16 बाय 16 मध्ये बसवलेल्या असतात. म्हणून आकार ठसठशीत, रंग मोजके आणि ओळख क्षणात पटणारी. चित्रकाराला यापेक्षा चांगला विषय आयता मिळत नाही, असं आमचं मत आहे. मात्र या वस्तू लटकत असतात रिकाम्या चौकटीत. त्यांना ना जमीन असते, ना हवा.

ती जमीन आणि हवा आम्ही घेतली टीव्हीवरच्या चित्रकारांकडून. बॉब रॉस यांचा ‘द जॉय ऑफ पेंटिंग’ हा कार्यक्रम अमेरिकेत 1983 ते 1994 चालला, त्याचे 403 भाग झाले. साधारण अर्ध्या तासाच्या एका भागात कोऱ्या कॅनव्हासवर अख्खा निसर्ग उभा राहायचा. ओल्या रंगावरच ओला रंग चढवायची ही पद्धत रॉस शिकले बिल अलेक्झांडर यांच्याकडून, आणि तेही टीव्हीवर चित्रकला शिकवायचे. 2015 साली गेम खेळणाऱ्यांच्या ट्विच या साइटवर रॉस यांचे भाग सलग दाखवले गेले, तेव्हा गेम खेळणारी मंडळी ते बघत बसली. ही दोन जगं जवळची आहेत हे आम्हाला तेव्हा नव्याने कळलं असं नाही, पण आनंद झाला.

उलटा प्रवासही झालेला आहे. माइनक्राफ्टमध्ये भिंतीवर टांगायची जी चित्रं मिळतात, त्यातली बरीचशी क्रिस्टोफर झेटरस्ट्रँड या स्वीडिश चित्रकाराच्या खऱ्या चित्रांवरून पिक्सेलमध्ये उतरवलेली आहेत.

आता प्रत्यक्ष काम. कॅनव्हासवर आधी पातळ पांढऱ्या तैलरंगाचा हात फिरवतो, अगदी झिरझिरीत. तो जास्त झाला की डोंगर घसरतो. मग आकाश, पाणी, झाडं. खालचा रंग घट्ट आणि वरचा पातळ असेल तरच वरचा नीट चिकटतो, त्यामुळे क्रम चुकवून चालत नाही. बाटली मात्र घाईत होत नाही. गेममध्ये तिच्यावरची चमक म्हणजे डाव्या कोपऱ्यात एक-दोन पांढरे ठिपके. खऱ्या काचेत प्रकाश डावीकडून आला की चमक डावीकडे उमटते, पण आतला लाल द्रव उजळतो उजवीकडे, कारण प्रकाश आरपार जाऊन पलीकडच्या कडेला गोळा होतो. तो केशरी उजेड आणि त्याचा जमिनीवर पडलेला लालसर डाग जमला, की ती बाटली उचलावीशी वाटते.

रॉस यांचं चित्र मनाला येईल तसं फुलत गेल्यासारखं वाटायचं. पण कॅमेऱ्याबाहेर त्याच चित्राची आधी करून ठेवलेली प्रत समोर असायची. आम्हीही आधी तळहाताएवढा नमुना करून तुम्हाला दाखवतो. बदल सांगायचे ते तेव्हाच सांगा. ओल्या पद्धतीत नंतर एक झाड हलवायचं म्हटलं तरी अर्धं तळं गढूळ होतं.

ऑर्डर देताना वस्तूचा स्क्रीनशॉट पाठवा, आणि ती तुमच्या लक्षात का राहिली तेही दोन ओळींत लिहा. शेवटच्या लढाईआधी उरलेली एकच बाटली आणि पहिल्याच पेटीत सापडलेली बाटली, आम्ही वेगवेगळ्या उजेडात रंगवतो. गेमचा लोगो किंवा मूळ चित्राची हुबेहूब नक्कल आम्ही करत नाही, त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात. बाह्याकृती आणि दोन-तीन मुख्य रंग ओळखीचे ठेवतो, बाकीचं आमचं. अगदी जशीच्या तशी प्रतिमा हवी असेल तर छापील पोस्टर घेतलेलं बरं, हे आम्ही सरळच सांगतो.

तैलरंग पाणी उडून सुकत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतो. त्यामुळे घाई करू नका. वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते. ड्रायर किंवा हीटर लावू नका. चित्र अंधाऱ्या कपाटातही ठेवू नका. अंधारात रंगातलं जवसाचं तेल पिवळं पडतं. भरपूर उजेडाची पण थेट ऊन न येणारी भिंत उत्तम. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं नको. शेवटचं वार्निश रंग आतपर्यंत सुकल्यावर, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्षभराने द्यावं लागतं. त्यासाठी चित्र आमच्याकडे परत आणा, वार्निशचा खर्च मूळ किमतीतच धरलेला आहे.