खिशातलं रिव्हॉल्व्हर: बत्तीसपासून बत्तीसपर्यंत

अमेरिकेत रोज अंगावर, कपड्यांखाली बाळगण्यासाठी छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायला कुणी दुकानात गेलं, की काचेखालून जे बाहेर काढलं जातं त्याचा साचा जवळपास ठरलेला असतो. नळी दोन इंचांना जराशी कमी, गोळ्या पाच, काडतूस .३८ स्पेशल (हा आकडा म्हणजे ढोबळमानाने गोळीची इंचातली जाडी). मग प्रश्न उरतात ते घोडा बाहेर हवा की आत, सांगाडा पोलादाचा की अ‍ॅल्युमिनियमचा, .३८ पुरे की .३५७ मॅग्नम हवं. प्रत्येक प्रश्नामागे एखादा कायदा आहे, एखादा अपघात आहे, कधी नुसतं कोटाचं अस्तर आहे. हा मागचा भाग ठाऊक नसला की निवड वजनकाट्यावर होते आणि सर्वांत हलकं तेच चांगलं ठरतं. माझ्या मते गिऱ्हाईक फसतं ते नेमकं इथेच.

मुळात शस्त्र लपवून बाळगणं अमेरिकेत बराच काळ नामुष्कीचं समजलं जाई. कमरेला उघड लटकवलेलं चालेल, पण कोटाआड दडवलं तर हा माणूस दगाबाज, असा समज होता. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घातली. केंटकीतल्या न्यायालयाने १८२२ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा राज्याने १८५० मध्ये आपली घटनाच बदलून घेतली. पण खिशात मावणारी पिस्तुलं काही थांबली नाहीत. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरचं एकबारी पिस्तूल मुठीत झाकलं जाईल एवढं लहान होतं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकन यांच्यावर झाडली गेलेली गोळी तशाच एका पिस्तुलातून सुटली.

सॅम्युअल कोल्टने फिरत्या चाकाच्या पिस्तुलाचं पेटंट १८३६ मध्ये घेतलं. त्याचं १८४९ चं पॉकेट मॉडेल तीन लाखांहून जास्त विकलं गेलं. मात्र त्यात सुटी दारू भरायची, गोळी ठासायची, मागे ठिणगीची टोपी बसवायची, अशी सगळी खटपट होती. खिशात घाम आणि ओल लागली की दारू पेटेल याची खात्री नाही. रोज जवळ बाळगायच्या वस्तूची पहिली अट म्हणजे वेळेला ती चालली पाहिजे, आणि ती अट पुरी केली धातूच्या बंद काडतुसाने.

इथे रोलिन व्हाइट या माणसाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. चाकाला आरपार भोकं पाडून मागच्या बाजूने काडतूस सरकवायचं, ही कल्पना असलेलं पेटंट त्याने १८५५ मध्ये मिळवलं. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी ते वापरण्याचा हक्क त्याच्याकडून घेतला आणि १८५७ मध्ये आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं: .२२ चं, सात गोळ्यांचं. व्हाइटला दर नगामागे २५ सेंट मिळायचे. पण करारात एक कलम असं होतं की कुणी नक्कल केली तर कोर्टकचेरीचा खर्च व्हाइटने सोसायचा. नक्कल करणारे ढिगाने निघाले आणि मिळालेला बराचसा पैसा वकिलांच्या घशात गेला. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली. मुदतवाढीचा मार्ग त्याला खुला करून देणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नाकारलं. ज्याच्या कल्पनेवर पुढचा सारा डोलारा उभा राहिला, त्याच्या वाट्याला अखेर फार थोडं आलं, याची मला आजही हळहळ वाटते.

यानंतर १८८७ चं स्मिथ अँड वेसनचं .३८ सेफ्टी हॅमरलेस आलं. आजच्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा खरा पूर्वज मी यालाच मानतो. याचा घोडा सांगाड्याच्या आत झाकलेला होता, त्यामुळे बाहेर काढताना काही अडकत नसे. मुठीच्या मागच्या बाजूला धातूची एक लांबट पट्टी होती. मूठ घट्ट आवळून ती पट्टी आत गेल्याशिवाय चाप हलायचाच नाही. या आवळण्यावरूनच लोकांनी त्याला लिंबू पिळायच्या चिमट्याचं नाव दिलं. एका लहान मुलाच्या हाती रिव्हॉल्व्हर लागून घडलेल्या अपघाताची बातमी वेसनच्या कानावर गेली आणि मुलाच्या बोटांना चालवताच येणार नाही असं हत्यार बनवायचं त्याने ठरवलं, अशी आख्यायिका सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, पट्टी मात्र खरी होती. घरात लेकरं असतात आणि खिशातली वस्तू रात्री कुठेतरी काढून ठेवली जाते, याचा विचार सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका कारखान्यात झाला होता. आज निवडीच्या चर्चेत वजन, धक्का, किंमत यांवर तासन्‌तास बोललं जातं. घरी परतल्यावर ते कुठल्या कुलपात राहणार, हा विषय शेवटी येतो किंवा येतच नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. त्यामुळे कुलपाचा प्रश्न मला आधीचा वाटतो, रिव्हॉल्व्हरचा नंतरचा.

त्या काळात .३२ हेही भरवशाचं काडतूस समजलं जाई. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे प्रमुख असताना, १८९६ मध्ये, तिथल्या शिपायांसाठी .३२ चं कोल्ट न्यू पोलीस हे एकच रिव्हॉल्व्हर ठरवून दिलं गेलं. त्याच वर्षी .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस बाजारात आलं. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

१९०१ मध्ये बफलो इथे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर .३२ च्या स्वस्त आयव्हर जॉन्सनमधून गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्याने रिव्हॉल्व्हर हातरुमालात गुंडाळून आणलं होतं. पुढे १९११ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सलिव्हन कायदा केला. लपवता येईल एवढं लहान हत्यार ठेवायचं तर परवाना हवा, आणि अंगावर बाळगायला परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आपल्याकडेही अर्जदाराला शस्त्राची गरज पटवून द्यावी लागते.

पहिल्या महायुद्धानंतर पोलिसांतलेच साध्या वेशातले लोक नवं गिऱ्हाईक झाले. कोल्टमध्ये जॉन हेन्री फिट्झगेराल्ड नावाचा पट्टीचा नेमबाज होता. तो मोठी रिव्हॉल्व्हरं घ्यायचा आणि नळी दोन इंचांवर कापायचा. घोड्याचं वर आलेलं टोक घासून टाकायचा, कारण तेच अस्तरात अडकतं. चापाभोवतीच्या कडीचा पुढचा भागही तो कापून काढायचा, म्हणजे बोट धावत जाऊन चापावर बसावं. ती कडी कापणं आज कुणी करू नये. उघड्या चापाला खिशातली किल्लीसुद्धा पुरते. पण नळी आणि घोड्याबद्दलचं त्याचं म्हणणं टिकलं. १९२७ मध्ये कोल्टने डिटेक्टिव्ह स्पेशल काढलं: दोन इंची नळी, .३८ स्पेशलच्या सहा गोळ्या, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. नकटं रिव्हॉल्व्हर म्हणून जी छबी डोळ्यांपुढे येते, ती याची.

स्मिथ अँड वेसनला उत्तर द्यायला वेळ लागला. त्यांच्या छोट्या सांगाड्यात .३८ स्पेशल मावत नव्हतं. अखेर सांगाडा किंचित वाढवून, चाकाची जाडी आटोक्यात ठेवण्यासाठी सहाऐवजी पाचच घरं ठेवून त्यांनी नवा नमुना बनवला आणि १९५० मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे पोलीसप्रमुखांच्या संमेलनात तो मांडला. त्याचं नावही तिथेच ठरलं: चीफ्स स्पेशल. त्या सांगाड्याला ‘जे फ्रेम’ (इंग्रजी अक्षर J) म्हणतात. आज पाच गोळ्या हा जणू निसर्गनियम वाटतो, पण तो त्या दिवसांतला एक हिशेब आहे. सहावी गोळी सोडली की चाक बारीक होतं, आणि अंगाला फुगवटा येतो तो चाकाचाच.

१९५२ मध्ये सेंटेनियल आलं, घोडा पूर्ण आत आणि मुठीला १८८७ चीच पट्टी. १९५५ मध्ये बॉडीगार्ड आलं, घोडा दोन भिंतींमध्ये झाकलेला, वर फक्त टोक अंगठ्याला लागेल एवढं. मला विचाराल तर सेंटेनियलची रचना सर्वांत शहाणी. खिशातून काढताना काही अडकत नाही आणि आत कापडाचे तंतू, धूळ जायला फटही नाही. घोडा मागे ओढून हलक्या चापाने नेम धरण्याची सोय जाते हे खरं, पण जीवावर बेतलेल्या क्षणी थरथरत्या बोटाखाली हलका चाप असणं हा फायदा आहे की धोका, याचा विचार करावा. दरवेळी पाच-साडेपाच किलोचा लांब दाब देऊनच चाप ओढायचा, हीच तिथली सुरक्षा आहे.

वजन उतरवण्याची हौसही त्याच दशकातली. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची एअरवेट रिव्हॉल्व्हरं निघाली. अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी केलेल्या मागणीत तर चाकसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचं होतं. ते चाक स्फोटाचा दाब सोसेना, आणि ती बहुतेक रिव्हॉल्व्हरं पुढे नष्ट करण्यात आली. त्यानंतर बराच काळ सांगाडा हलका, पण चाक पोलादी, असा दंडक राहिला. १९६५ मध्ये मॉडेल ६० आलं, संपूर्ण स्टेनलेस पोलादाचं पहिलं रिव्हॉल्व्हर. कमरेला, घोट्याला, छातीशी बांधलेल्या साध्या पोलादाला घामाने गंज चढायचा. त्यावरचा हा उपाय पोलिसांनी उचलून धरला.

याच छोट्या हत्यारांनी अमेरिकेला फार दुःखही दिलं, ते वगळून इतिहास सांगणं अप्रामाणिकपणा होईल. २४ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसच्या पोलीस मुख्यालयाच्या तळघरात जॅक रूबीने केनेडी यांच्या हत्येतला आरोपी ली हार्वे ऑस्वाल्ड याच्यावर कोल्ट कोब्रामधून गोळी झाडली. कोब्रा म्हणजे डिटेक्टिव्ह स्पेशलचाच हलका भाऊ. १९६८ च्या कायद्याने परदेशी बनावटीच्या स्वस्त, तकलादू रिव्हॉल्व्हरांची आयात रोखली, तर सुटे भाग आणून मायामीत जुळणी सुरू झाली. १९८१ मध्ये रेगन यांच्यावरचा हल्ला तशाच एका .२२ ने झाला.

ऐंशीच्या दशकात पोलीस खातीच रिव्हॉल्व्हर सोडून जास्त गोळ्यांच्या ९ मिमी पिस्तुलांकडे वळू लागली. नकटं रिव्हॉल्व्हर तेव्हाच इतिहासजमा व्हायचं. ते वाचलं कायद्यामुळे. १९८७ मध्ये फ्लोरिडाने नियम बदलला: अटी पुऱ्या करणाऱ्याला लपवून बाळगण्याचा परवाना द्यायलाच हवा. हळूहळू इतर राज्यं त्या वाटेने गेली. टेक्सासमध्ये त्याला एका दुपारचं कारण झालं. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावात भरलेल्या कॅफेटेरियात एका माणसाने गाडी घुसवली आणि २३ जणांना मारलं. सुझॅना ग्रॅशिया आई-वडिलांसोबत तिथे जेवत होती. तिचं .३८ रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण ते अंगावर ठेवणं तेव्हा गुन्हा होता. वडील हल्लेखोरावर धावले आणि पडले, ती खिडकीतून सुटली, आई वडिलांपाशी थांबली आणि गेली. पुढे तिने ठिकठिकाणच्या सभागृहांसमोर साक्ष दिली. टेक्साससाठी नवा कायदा १९९५ मध्ये झाला. तिच्या हाती रिव्हॉल्व्हर असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तिच्या साक्षीने कायद्याची दिशा बदलली, एवढं निश्चित.

आता गिऱ्हाईक सामान्य नागरिक होतं, आणि त्याला हलकंच हवं होतं. स्कँडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि टायटॅनियमचं चाक घेऊन स्मिथ अँड वेसनचं ३४०पीडी आलं: .३५७ मॅग्नम, आणि वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत. त्याच्या नळीवर बारीक अक्षरांत सूचना कोरलेली असते, मॅग्नममध्ये १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नका. हलक्या गोळ्यांच्या काडतुसांत न जळलेली दारू चाकाचं तोंड खात जाते. इतक्या हलक्या हत्यारात आणखी एक भानगड होते. एक गोळी सुटली की मागे येणाऱ्या हिसक्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या आपापल्या नळकांड्यातून पुढे सरकतात, आणि एखादी पुरेशी पुढे आली तर चाकच अडतं. धक्का तळहाताला इतका झोंबतो की सराव नकोसा होतो, आणि सराव नसलेल्या हाती दोन इंची नळीचा नेम लागणं कठीण. शिवाय आखूड नळीखाली काडतुसं ढकलणारी दांडीही आखूड. रिकामी नळकांडी पूर्ण बाहेर पडत नाहीत, बोटांनी उपसावी लागतात. म्हणून कुणी विचारलं तर मी पोलादी सांगाड्याच्या साडेपाचशे ग्रॅमच्या बाजूने उभा राहीन.

रुगरने २००९ मध्ये एलसीआर आणलं. त्याच्या सांगाड्याचा काही भाग पॉलिमरचा आहे आणि चापाची ओढ मऊ केलेली. ही सुधारणा मला खरी वाटते, कारण ती हाताचा विचार करून झाली. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची खास गरज दाखवण्याची अट रद्द केली. सलिव्हनच्या काळापासूनची मर्जी १११ वर्षांनी संपली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत लपवून बाळगायला परवानाच लागत नाही.

आणि काडतूस? २०२४ च्या सुरुवातीला स्मिथ अँड वेसनने एका वितरकाबरोबर मिळून जे फ्रेममध्येच .३२ एच अँड आर मॅग्नमची नवी रिव्हॉल्व्हरं काढली. धक्का कमी, आणि बारीक काडतुसामुळे सहावी गोळी परत आली. हे काडतूस जुन्या .३२ स्मिथ अँड वेसन लाँगलाच लांबवून १९८४ मध्ये बनवलेलं, म्हणून त्या चाकात जुनं लाँगही बसतं. कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून निर्भीक हे पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर काढलं. तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि काडतूस तेच, १८९६ चं .३२ लाँग.