जिभेच्या मुळाशी काय दिसतं?

रात्री साडेअकराला एका मित्राचा फोटो आला. मोबाइलचा टॉर्च तोंडात मारून काढलेला, जीभ हनुवटीपर्यंत ओढलेली आणि पार मागे लालसर वाटोळ्या गाठींची रांग. खाली एकच ओळ: 'एचआयव्हीचं असतं का रे हे?' नऊ दिवसांपूर्वी निरोध न वापरता संबंध आला होता, आणि दोन दिवस घसा खवखवत होता.

गाठींचं आधी सांगतो. जिभेच्या मुळाशी, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात, साधारण ८ ते १२ मोठे उंचवटे प्रत्येकाला असतात. त्यांच्याभोवतीच्या खाचेत चव ओळखणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. एरवी तिथवर कुणी डोकावत नाही, एवढंच. घशाच्या मागच्या भिंतीवरचे दाणेही सहसा साध्या सर्दीत फुगणाऱ्या लसिका ऊतीचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांचे, असतात.

घसा दुखणं मात्र अगदीच झटकून टाकता येत नाही. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, मानेत गाठी येतात, अंगावर पुरळ उठतं, क्वचित तोंडही येतं. काहींना यातलं काहीच होत नाही. गोम अशी, की हा ताप आणि ही कणकण बहुतांशी आपल्याच पेशी इंटरफेरॉनसारखी रसायनं सोडून घडवतात. फ्लूमध्येही तीच रसायनं, तोच ताप. त्यामुळे नुसता घसा पाहून विषाणूचं नाव निष्णात डॉक्टरलाही सांगता येत नाही.

आता जिभेवरचा पांढरा थर, ज्याला अनेकजण एचआयव्हीची खूण समजतात. हा माझा आवडता विषय, त्यामुळे थोडा पाल्हाळ होईल. कॅन्डिडा नावाची बुरशी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात गुपचूप राहत असते, गोल पेशींच्या रूपात. संधी मिळाली की ती धागे काढते, ते धागे तोंडाच्या आतल्या अस्तरात घुसतात आणि कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात. हे विष २०१६ साली सापडलं. गंमत म्हणजे त्याच विषामुळे अस्तराच्या पेशींना घुसखोरीचा सुगावा लागतो. मग टीएच-१७ नावाच्या पांढऱ्या पेशी पुढे येतात आणि इंटरल्युकिन-१७ सोडतात. तो निरोप मिळाला, की अस्तर बुरशी मारणारी छोटी प्रथिनं पाझरू लागतं आणि न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं. टीएच-१७ हा सीडी-४ पेशींचाच, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या पांढऱ्या पेशींचाच, एक प्रकार. एचआयव्हीला आत शिरायला लागणारी दोन्ही कडी-कोयंडी, म्हणजे सीडी-४ आणि सीसीआर-५ ही प्रथिनं, त्यांच्यावर असतात. त्या मेल्या की तोंडातला पहारा उठतो. न्यूट्रोफिल मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात, आणि रक्तातली बुरशी मुख्यतः तेच आवरतात. म्हणून एड्सच्या रुग्णाचं तोंड बुरशीने भरून जातं, पण ती रक्तात क्वचितच पसरते. एकाच माणसाच्या शरीरात एक सीमा उघडी आणि दुसरी राखलेली!

पण पहारा एका रात्रीत उठत नाही. निरोगी माणसात दर घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. बुरशी बहुधा ही संख्या २००च्या आसपास घसरल्यावर माजते, आणि उपचार घेतले नाहीत तर तिथवर यायला सहसा काही वर्षं लागतात. दम्याचा स्टेरॉइडचा पंप, अँटिबायोटिक, मधुमेह, नीट न धुतलेली कवळी यांनीही तोच थर येतो. बहुतेकांच्या जिभेवर तर बुरशीही नसते, नुसता न घासलेला मळ असतो. 'जीभ बघून एड्स ओळखा' म्हणणारे व्हिडिओ आणि प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे विकणारे यांना हा फरक सांगण्यात रस नसतो.

मित्राने पाचव्या दिवशीच चाचणी करून घेतली होती. निगेटिव्ह. त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता, आणि ते बरोबरच होतं, फक्त कारण चुकीचं होतं. लागण झाल्यावर पहिले साधारण दहा दिवस कुठलीच चाचणी विषाणू पकडू शकत नाही. नंतर आधी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, दिसतो, मग त्याचं पी-२४ प्रथिन, आणि सगळ्यात शेवटी आपली प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं (अँटिबॉडी). शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी पी-२४ आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधते. लागण पकडायला तिला संबंधानंतर १८ ते ४५ दिवस जावे लागतात. बोट टोचून होणाऱ्या, फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवसांपर्यंत थांबावं लागतं. लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती वेळ त्याने आरशासमोर घालवली होती.

'मग आता?' त्याने विचारलं. म्हटलं, पंचेचाळिसाव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या चाचणीसाठी रक्त दे, तोवर निरोध वापर आणि रक्तदान करू नकोस. दोन मिनिटांनी पुन्हा फोटो आला. या वेळी टाळूचा.