कोतवालाचा इशारा

म्हशीच्या पाठीवर नाहीतर विजेच्या तारेवर बसलेला, दुभंगल्या शेपटीचा काळाकुळकुळीत कोतवाल आपल्या ओळखीचा आहे. घरट्याजवळ कावळा किंवा घार फिरकली की तो बेधडक तिच्या मागे लागतो. म्हणून होले, हळद्या त्याच्या शेजाराला घरटी बांधतात. नाव अगदी शोभणारं आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात त्याचा एक भाऊबंद राहतो, फोर्क-टेल्ड ड्राँगो. तिथे त्याचा शेजार मुंगसाच्या कुळातल्या मीरकॅटचा आणि आपल्या सातभाईंच्या कुळातल्या पाइड बॅब्लरचा. ही मंडळी डोकं खाली घालून वाळू उकरत असतात. वरून ससाणा आला तर कळणार कसं? ड्राँगो उंच फांदीवर बसून नजर ठेवतो आणि शिकारी दिसताच ओरडतो. एरवीही मधूनमधून 'मी आहे इथे' अशा अर्थाचा एक साधा आवाज काढत राहतो. संशोधकांनी हा आवाज ध्वनिमुद्रित करून बॅब्लरना ऐकवला, तेव्हा त्यांचं मान वर करून बघणं कमी झालं, ते अधिक पांगून चरू लागले आणि त्यांना भक्ष्यही जास्त मिळालं. पहारेकरी जागा आहे एवढं कळलं तरी पोटभर जेवता येतं, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

पहाऱ्याचं मोल मात्र तो वसूल करतो. एखाद्याने वाळूतून गलेलठ्ठ अळी बाहेर काढली, की आकाशात कुणी नसतानाही ड्राँगो इशारा देतो. सगळे पळतात, अळी याची. ड्राँगोचा अभ्यास करणारे संशोधक टॉम फ्लॉवर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार ड्राँगोच्या रोजच्या खाण्यातला सुमारे 23 टक्के वाटा असा लुटीचा असतो.

मग त्याच्यावर विश्वास ठेवतं तरी कोण? सगळेच, कारण खोट्या इशाऱ्याला फसलं तर एक अळी जाते, खऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर जीव जातो. तरीही एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून बॅब्लर निर्ढावतात, हे प्रयोगात दिसलं. ड्राँगोकडे त्यावर उपाय आहे. अभ्यासातल्या ड्राँगोंनी मिळून 51 प्रकारचे इशारे वापरले. त्यांतले फक्त 6 त्यांचे स्वतःचे, बाकीचे 45 इतर प्राण्यापक्ष्यांची नक्कल. एक आवाज चालेना, की पुढच्या वेळी दुसरा. कधी मैनेच्या कुळातल्या पक्ष्याचा, कधी थेट त्या बॅब्लरचाच!

समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ड्राँगोला उमगतं का? तसं मानायची गरज नाही. कोणत्या आवाजाला शेजारी पळाले आणि कोणत्या आवाजाला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी हे सगळं जमू शकतं.